चार नंबरचा शेरा

आमच्या चाळीत कोणालाही विचारा, माया कासारे काय काम करते. दहातले आठ जण सांगतील कॉल सेंटरला आहे, उरलेले दोघं सांगतील क्रिकेटचं काहीतरी. मी समजावणं कधीच सोडून दिलं. खरं सांगायचं तर परळच्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर बसून मी अमेरिकेतल्या खेळाडूंना मार्क देते. तिकडचा फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा तो. तिथल्या टीमा आमच्या कंपनीकडून रिपोर्ट घेतात. त्यांचा सामना रात्री, तेव्हा आपली सकाळ. दुपारपर्यंत व्हिडिओ आमच्या स्क्रीनवर येतो आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक डावाला मार्क पडलेले असतात.

माझ्याकडे लाइनमन. बॉल फेकणाऱ्याच्या पुढे पाच जण आडवे उभे असतात ना, ते. बॉलला हात लावायचा नाही, पळायचं नाही, समोरून जो येईल त्याला अंगावर घ्यायचं, बस्स. दीडशे दीडशे किलोचे गडी. सगळं बरोबर केलं तर त्यांचं नावही कोणी घेत नाही आणि एकदा चुकले की सगळ्या जगाला दिसतं. म्हणून मला ते आवडतात. मी स्वतः पंधरा वर्षं कबड्डी खेळले, कव्हरला, म्हणजे पकड करणाऱ्यांत. चढाई करणारीचा फोटो पेपरात यायचा, आमचं त्यात कोपर दिसलं तरी नशीब.

आता मार्कांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक डाव म्हणजे चार-पाच सेकंद. त्याला प्लस, झिरो नाहीतर मायनस. मायनस दिला की कारण टाकावंच लागतं, त्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. कारणं चारच. एक, तंत्र चुकलं. दोन, ताकद कमी पडली. तीन, भलत्यालाच अडवलं. चार, प्रयत्नच केला नाही. चार नंबरला आम्ही ऑफिसात सरळ कामचोर म्हणतो. पाचवं कारण यादीत नाही, आणि नऊ वर्षांत मला त्याची कधी गरजही वाटली नाही. मायाताई फुकट मार्क देत नाहीत, असं अख्खा मजला म्हणायचा. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे होता, लपवू कशाला.

या वर्षी एका टीमने वेंडल टिल्मन नावाचा पोरगा उचलला. वय बावीस, जर्सी नंबर एकाहत्तर. तिकडे दर एप्रिलला टीमा कॉलेजातली पोरं पाळीपाळीने वाटून घेतात. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचे लाड होतात. हा सहाव्या फेरीतला, म्हणजे आला काय आणि गेला काय. ऑगस्टमध्ये तीन सराव सामने, आणि तिसऱ्यानंतरच्या मंगळवारी नव्वदातले त्रेपन्न ठेवून बाकीच्यांना घरी पाठवतात. एकाहत्तरच्या जागेवर दोघं होते. टीमने आम्हाला लेखी विचारलं होतं, हा ठेवावा का.

पहिले दोन सामने मी बघितले आणि खूश झाले. काय पोरगा होता. उजवा हात जमिनीला टेकवून बसायचा, ढुंगण खाली, पाठ सरळ, आणि बॉल हलला की पहिलं पाऊल इतकं बारीक टाकायचं की समोरच्याला कळायच्या आत हा त्याच्या छातीत. शिट्टी वाजते न वाजते तोच पडलेल्यांना उठवायला हात पुढे करायचा, समोरच्या टीमच्यांनाही. त्याचे मार्क नसतात, पण मला दिसायचं. शेजारी बसणाऱ्या हेमचंद्रला मी म्हटलंसुद्धा की हा राहणार. हेमचंद्र माझा जोडीदार, माझ्याहून वयाने मोठा, मवाळ माणूस. प्रत्येक खेळाडूला दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे अशी आमच्याकडे पद्धत आहे. नाही जुळले तर सीनिअरचं चालतं. सीनिअर मी.

एकाहत्तर मला आवडायचं आणखी एक कारण होतं. ते पहिलं पाऊल मी ओळखत होते. आमच्या अजितचं तसंच होतं.

अजित माझा भाऊ, चार वर्षांनी लहान. डाव्या कोपऱ्याला खेळायचा. लहानपणी आम्ही चाळीच्या गॅलरीत साखळीचा सराव करायचो. गॅलरी तीन फुटांची, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला लोकांची दारं. मी त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं. दूधवाल्याने आमच्या आईकडे किती वेळा तक्रार केली असेल. एकविसाव्या वर्षी अजितची घोट्याची पकड अशी होती की नायगाव, लालबाग, सगळीकडची मंडळं त्याला ओळखत होती. त्या वर्षी नायगावच्या मैदानावर एका सरकारी टीमचे सिलेक्टर आले. खेळाच्या कोट्यातून नोकरी होती, कायमची. आमच्या घरात तोवर कायमची नोकरी फक्त बाबांनी बघितली होती, आणि बाबा गेलेले.

त्या दिवशी काय झालं ते मी चोवीस वर्षं एकाच पद्धतीने सांगत आले. अजित पहिल्या हाफमध्ये वाघासारखा खेळला. दुसऱ्या हाफमध्ये एकाची पकड करताना पडला, उठला, आणि जाऊन समोरच्या टीमच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्यांच्या अर्ध्यात. अख्खं मैदान हसलं. पंचाने त्याला हाताला धरून आपल्या बाजूला आणलं. मी पाण्याची बाटली घेऊन रेषेजवळ उभी होते. मला वाटलं, सिलेक्टरला बघून पोराचे पाय लटपटले. मी त्याला दम भरला आणि परत आत पाठवला. पुढच्या सहा चढायांत त्याने एकाही गड्याला हात लावला नाही, नुसता उभा. सिलेक्टरने वही मिटली. नायगावपासून परळपर्यंत चालत येताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर अजितने दम सोडला तो सोडलाच. खेळ बंद. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात लावला, तिथे गिऱ्हाईकाला एक दाखवायला सांगितलं की दुसरंच काढायचा. रे रोडला लाकडाच्या वखारीत लावला, तिथे दुपारचा झोपून राहायचा. कुरिअर, वॉचमन, सगळं झालं. कुठे सहा महिने, कुठे सहा दिवस. डोकं दुखतं म्हणायचा, उजेड नको म्हणायचा, मध्येच चिडून ताट भिरकावायचा. आई त्याची काळजी करता करता वारली. माझं लग्न राहून गेलं, त्याचा दोष मी त्याला देत नाही, पण कधी कधी दिलाय. आणि कामचोर हा शब्द मी आमच्या घरात मिठासारखा वापरला, रोज. सकाळी ऑफिसला निघताना दारातून, येताना जिन्यातून. तो ऐकून घ्यायचा. आता तो पंचेचाळीसचा आहे, लसूण सोलतो, पाव आणतो, गॅलरीत बसतो.

आणि एक गंमत होती. म्हणजे आम्ही तिला गंमत म्हणायचो. आमच्या मजल्यावरची सगळी दारं सारखी, हिरवी. महिन्यातून एकदा-दोनदा आमचे अजितसाहेब दोन दारं पुढे लक्ष्मीवहिनींच्या घरात जाऊन उभे राहायचे. वहिनी बिचाऱ्या चांगल्या, चहा द्यायच्या. मजल्यावर त्याला जावईबापू नाव पडलं होतं. मला वाटायचं, चहासाठीच जातो लबाड.

तिसरा सराव सामना शनिवारी आला. एकाहत्तर सुरुवातीला झकास खेळला. अठराव्या डावात तर त्याने दोघांना एकदम अडवलं, मी प्लस दिला. एकोणिसाव्यापासून काय बिघडलं कळेना. समोरचा येतोय आणि हा उभा. बॉल हलला तरी हा खालीच. विसाव्याला त्याने डावा हात जमिनीला टेकवला, पुढच्याला परत उजवा. चोविसाव्या डावानंतर व्हिडिओ चुकून चालू राहिला आणि आम्हाला दिसलं की दोन्ही टीमा पुढचं ठरवायला आपापला घोळका करून उभ्या आहेत, आणि एकाहत्तर डुलत डुलत जाऊन समोरच्यांच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून परत पाठवला. आमच्याकडे हसून हसून पोरांची वाट लागली. कोणीतरी तेवढा तुकडा कापून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

मग मी त्याला चार नंबर द्यायला सुरुवात केली. अकरा वेळा दिला. हेमचंद्रने त्याच अकरा डावांना झिरो दिला होता आणि खाली लिहिलं होतं, खेळाडू बरा दिसत नाही, बघावे. मी त्याची ओळ पुसली. वर सगळ्यांसमोर म्हटलं की हेमचंद्र, तुम्ही मास्तर असता तर वर्गात कोणी नापासच झालं नसतं. तो कसनुसा हसला आणि चष्मा पुसत बसला. मी रिपोर्ट लिहिला. वीस डावांनंतर प्रयत्न सोडतो, दम नाही, इच्छा नाही, ठेवण्याची शिफारस नाही. लिहिताना मला राग आला होता, इतका चांगला पोरगा आणि ऐन वेळी माती खाल्ली म्हणून. तो राग कोणावरचा होता, हे तेव्हा कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. अजित खालून पाव घेऊन आला. आमच्या दारावरून पुढे गेला, वहिनींच्या दारापाशी थांबला. पावाची पुडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, परत उजव्या हातात घेतली, आणि आत शिरला. वहिनी आतून हसल्या, माया, आले गं तुझे जावईबापू. माझं डोकं फिरलं. आधीच चहाला उशीर. तरातरा गेले त्याला ओढून आणायला.

तो त्यांच्या खोलीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात लोंबत, मान थोडी डावीकडे, आणि तोंडावर एक हसू, म्हणजे पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं तर बरं होईल अशा अर्थाचं. हे हसू मी हजार वेळा बघितलं होतं. पण ती मान आणि ते हात मी आदल्या दिवशी बघितले होते. हेल्मेटमधून तोंड दिसत नाही, मान दिसते.

मी वहिनींच्या उंबऱ्यावर खाली बसले. वहिनींना वाटलं मला चक्कर आली, त्या पाणी घेऊन आल्या. अजितही घाबरून माझ्या शेजारी बसला. मला फक्त नायगावचं मैदान दिसत होतं. पंच त्याला हाताला धरून आणतोय. आणि चोवीस वर्षांत जे मी एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं, मला वाटतं मला आठवतही नव्हतं, ते आठवलं. रेषेजवळ तो माझ्यापाशी आला होता आणि म्हणाला होता, ताई, आवाज येतात पण कोणाचे ते कळत नाय. मी त्याला म्हटलं होतं, नाटकं बंद कर, ते बघतायत.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचले. अठरावा डाव लावला. माझा प्लसवाला. इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. पंचाची शिट्टी वाजली की डाव संपतो आणि आम्ही बटण दाबून पुढच्या डावावर जातो. शिट्टीनंतरचं कोणी बघत नाही, त्याला मार्क नसतात. मी बटण दाबलं नाही. शिट्टी वाजली. एकाहत्तर दोघांना अडवून खाली पडलेला, आणि मागून पळत येणारा एक गडी, ज्याला थांबता आलं नाही, त्याचा गुडघा एकाहत्तरच्या हेल्मेटवर, कानाच्या वर. हेल्मेट जमिनीवर आपटून परत वर आलं. तो चार सेकंद तसाच पडून राहिला, बोटं ताठ. मग त्याच्याच टीमच्या एकाने हात धरून उठवलं आणि तो जाऊन पुढच्या डावाला उभा राहिला. माझे अकराच्या अकरा चार नंबर त्याच्या पुढचे होते.

अजितच्याही कानाच्या वरच लागलं होतं. टेंगूळ आलं होतं, आईने हळद लावली होती. डॉक्टरकडे कोणी नेलं नाही. हाड मोडलं नव्हतं ना, रक्त आलं नव्हतं, मग कशाला.

सुरुची आली तशी मी तिच्या केबिनमध्ये घुसले. सुरुची आमची टीम लीड, एकतीस वर्षांची, पुण्याची, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आणि स्वभावाने सरळ. मी तिला अगंतुगं करते. तिला व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं की रिपोर्ट मागे घे, आज सोमवार आहे, उद्या ते पोरं काढणार आहेत. तिने दोनदा व्हिडिओ बघितला. मग म्हणाली की रिपोर्ट शनिवारीच लॉक झालाय, लॉक झालेला रिपोर्ट मार्क मोजताना चूक झाली असेल तरच उघडता येतो, आणि यात मोजायची चूक नाही. मी म्हटलं, चूक नाही कशी. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“मायाताई, आपण डॉक्टर नाही. चार सेकंदांच्या व्हिडिओवरून एखाद्याच्या डोक्याला काय झालंय हे आपण कसं सांगणार?”

“मग चार सेकंदांच्या व्हिडिओवरून तो कामचोर आहे हे मी कसं सांगितलं? तेव्हा मला कोणी विचारलं नाही, तू कोण म्हणून.”

माझा आवाज इतका चढला होता की बाहेरची पोरं काचेतून बघत होती. मग सुरुचीने स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, तुम्ही लिहा, मी माझ्या नावाने पाठवते. माझं इंग्रजी कामापुरतं, हेमचंद्रने शेजारी बसून ते नीट केलं. आम्ही लिहिलं की अठराव्या डावाच्या शिट्टीनंतर डोक्याला मार बसल्याचं दिसतं, त्यापुढचे आमचे अकरा शेरे धरू नयेत, खेळाडूला डॉक्टरांनी तपासावं. व्हिडिओचा तुकडा जोडला. हेमचंद्रने शनिवारच्या त्या पुसलेल्या ओळीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी दोनला मेल गेला. तिकडे तेव्हा पहाट. मी त्या दिवशी दुसऱ्या कोणाला मार्क दिले नाहीत, देताच येईनात. ज्याला मायनस द्यायला जावं त्याच्या शिट्टीनंतरचं बघत बसायचे. मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं, एक ओळ. कळवल्याबद्दल आभार, नोंद घेतली आहे. सुरुची म्हणाली, नोंद घेतली म्हणजे बघतील. मी घरी जाताना लालबागपर्यंत उगाच चालत गेले आणि परत आले. मंडपाचे बांबू रस्त्यात उतरवत होते, त्यांच्या मधून वाट काढत मी मनात एकच म्हणत होते, ठेवा रे त्याला. खेळवू नका, पण ठेवा. ठेवला तर टीमचा डॉक्टर बघेल. काढला तर तो घरी जाईल.

बुधवारी सकाळी यादी आली. त्रेपन्न नावं. मी तीन वेळा वाचली. एकाहत्तर नव्हता. त्याच्या जागी तो दुसरा होता.

यादीसोबत त्या टीमचं पत्र होतं. ते सकाळच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं असतं, तसं सुरुचीला वाचावं लागलं. नव्या खेळाडूंच्या निर्णयात तुमचे रिपोर्ट मोलाचे ठरले, विशेषतः एकाहत्तर क्रमांकाच्या प्रयत्नांबद्दलचा शेरा अगदी स्पष्ट आणि उपयोगी होता. पोरांना आतलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक-दोघं ओरडले, मायाताई, पेढे. आमचा मेल त्यांनी निर्णयाआधी वाचला, नंतर वाचला, की वाचलाच नाही, ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी सुरुचीला विचारलं, आता तो कुठे असेल. ती म्हणाली, घरी गेला असेल ना.

घरी. मी दिवसभर त्या घराचा विचार करत होते. त्याची आई असेल, बहीण असेल. पोरगा उशिरापर्यंत झोपेल, उजेड नको म्हणेल, ताट भिरकावेल. त्या म्हणतील, इतकी मोठी संधी आली होती आणि या गाढवाने आळस केला, बघा, टीमनेच लिहून दिलंय. ते लिहिलेलं माझं आहे. माझ्या हातचं, मी रागाने लिहिलेलं. आणि त्या बहिणीला गाठून, बाई गं, थांब, त्याला शिव्या देऊ नकोस, असं सांगायची माझ्यापाशी काहीच सोय नाही.

एका बहिणीला मात्र मी गाठू शकत होते. संध्याकाळी लवकर निघाले.

अजित बाबासाहेबांच्या फोटोखाली पाट घेऊन बसला होता, पुढ्यात लसणाची टोपली. मला बघून दचकला. मी वेळेआधी आले की काहीतरी चुकलंय असं त्याला वाटतं. मी चप्पल काढली, पर्स टाकली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी त्याला नायगावचं मैदान आठवतं का विचारलं. तो म्हणाला, हो, गर्दी होती. पडलेला आठवतं? तो म्हणाला, पडायचोच की सगळे. मग मी त्याला सरळ सांगितलं. त्या दिवशी तुझ्या डोक्याला लागलं होतं, अजित. आतून लागलं होतं. तू घाबरला नव्हतास. तू मला सांगायला आला होतास आणि मी तुला परत पाठवला. नंतरचं सगळं, डोकं दुखणं, कामं सुटणं, वहिनींच्या घरात जाणं, हे बहुतेक त्याचंच. तू आळशी नाहीस, कधीच नव्हतास. माझं चुकलं. चोवीस वर्षं चुकलं.

हातातली पाकळी त्याने सोलून टोपलीत टाकली, सालं पेपरवर गोळा केली. मी रडायला लागले होते. त्याने माझा हात धरला, साखळीत धरायचा तसा, मनगटाच्या जरा खाली. त्याची पकड अजून तशीच आहे.

“नाय गं ताई. लागलंबिगलं काय नाय. मीच कामचोर. तू रोज सांगतेस ना. तू कशाला खोटं बोलशील?”

मी म्हटलं, अरे, मी खोटं नाही, मी चुकीचं बोलत होते. त्याला त्यातला फरक कळला नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं की उद्या मी रजा टाकते, आपण हॉस्पिटलला जाऊ, डोक्याचे डॉक्टर असतात, ते बघतील. हॉस्पिटल म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. त्याने हात सोडला नाही, उलट घट्ट धरला. मला वाटलं तो इंजेक्शनला घाबरतोय. लहानपणी घाबरायचा.

“हॉस्पिटल नको, ताई. मी उद्यापासून लवकर उठीन. कामाला जाईन. आळस नाय करणार, शप्पथ.”

मी त्याला किती वेळ समजावत होते ते सांगता येणार नाही. शिक्षा नाही रे, औषध आहे, म्हटलं. तो मान डोलवत राहिला, सगळं पटल्यासारखा, आणि मधूनमधून म्हणत राहिला, लवकर उठीन. मग लसणाची टोपली बाजूला सारून तो उठला. कॉटखालून वॉचमनच्या नोकरीतले काळे बूट काढले, चार वर्षांत पायात न घातलेले, आणि दारात बसून फडक्याने पुसायला लागला.